वाटेतली भाकर



अंतराळाच्या संगणक-खेळात आकाशगंगेच्या मध्याकडे निघालेली आपली मुले शेकडो उड्यांनंतर कंटाळतात. तेच तारे, तोच अंधार. मग एखाद्या ग्रहावर यान उतरवून जेवायला उठतात. आम्हांला हे शहाणपणाचे वाटते. ऑगस्ट २००९मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले कमांडर दिलीप दोंदेही चार बंदरांत थांबले, आणि मे २०१०मध्ये परतले.

एलिया संदेष्टा तर झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले. मगच होरेबपर्यंतचे चाळीस दिवस.

आपल्यात कुणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करतात, आणि ‘थकलो’ म्हणायला लाजतात. या आठवड्यात एका दुपारी त्यांच्या जागी आपण बसू या. त्यांना झोपू द्या.