मिटलेले पाते

वस्तूला पाप-पुण्य असते काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गात जितका सोपा वाटतो तितका तो व्यवहारात सोपा राहत नाही. वर्गातले उत्तर ठरलेले असते: वस्तू निर्दोष, दोष वापरणाऱ्याचा. सुरीने भाकरही कापता येते आणि गळाही. सुरीला काय त्याचे! हे उत्तर खरे आहे, परंतु ते पुरेसे आहे काय, याचा विचार आज आम्ही वाचकांबरोबर करू इच्छितो. त्यासाठी निमित्त आहे एका मोठ्या, मिटवून खिशात ठेवायच्या चाकूचे.

फ्रान्समधील ‘ओपिनेल’ नावाचा हा चाकू. आल्प्स पर्वतातील साव्हुआ प्रांतात, सें-जाँ-द-मोरियेन या गावाजवळ, अवजारे घडवणाऱ्या एका लोहाराच्या घरात जोसेफ ओपिनेल याने 1890 साली तो प्रथम घडवला. लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात एक चीर, चिरेत मिटणारे पोलादी पाते, बस्स, इतकेच. 1897 पासून तो एक ते बारा अशा क्रमांकांत मिळू लागला. शेतकऱ्याने भाकर-चीज कापावे, गुराख्याने काठी तासावी, द्राक्षमळ्यातल्या माणसाने वेलीचा फाटा छाटावा, अशा कामांसाठी तो होता. आमच्यापुढे आला तो बारा क्रमांकाचा, मोठा. त्याचे पाते बारा सेंटिमीटर लांबीचे. सुट्टीवर गावी आलेल्या एका कुटुंबाने तो आणला होता.

मिटलेला असताना तो मुळी चाकू वाटतच नाही. हातात येते ती गुळगुळीत लाकडाची ऊब. पात्याला नखापुरती खाच आहे. तिच्यात नख अडकवून पाते ओढावे, की ते सावकाश बाहेर येते, येतच राहते, आणि पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो. त्या वेळी खोलीत तिघे जण होते. शाळकरी मुलाचे डोळे लकाकले, “फादर, मला द्या ना, बघू!” एका गृहस्थांनी खुर्ची किंचित मागे सरकवली व म्हणाले, “हे बाहेर घेऊन फिरू नका, फादर, पोलीस पकडतील.” आणि एका आजीबाईंनी पात्यावरून नजर फिरवून विचारले, “फादर, ह्याने लाल भोपळा कापेल काय?”

वस्तू एक, छापा तीन. यांतली खरी कोणती?

पहिली गोष्ट अशी की, यांतली कोणतीही छाप केवळ त्या चाकूची नव्हती. आपल्याकडे मिटणारा मोठा चाकू म्हटला की ‘रामपुरी’ आठवतो. उत्तर प्रदेशातील रामपूर येथील कारागिरांची ही कला नवाबी काळापासूनची. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी रामपुरी पाहिला तो हिंदी चित्रपटांत, खलनायकाच्या हाती, खटका दाबताच उघडणारा. पुढे लांब पात्यांवर निर्बंध आले व कारागीर थोडे उरले. त्याच रामपूर शहराने 2023 साली एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू आपल्या कारागिरीची खूण म्हणून उभारला. बाहेरच्यांना ज्या वस्तूत गुंडगिरी दिसते, तिच्यात त्या शहराला आपल्या वाडवडिलांचे कसब दिसते. खुर्ची मागे सरकवणाऱ्या गृहस्थांना भीती वाटली ती खरी. मात्र ती त्यांच्यापाशी आधीपासून होती. चाकूने तिला फक्त वाट करून दिली. आजीबाईंचा प्रश्नही असाच त्यांच्या आयुष्यातून आला. विळीवर ज्यांचा जन्म गेला त्यांना धार दिसली की काम आठवते.

मग छाप ही निव्वळ पाहणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे काय? तसेही नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या पहिल्या भागात सॉक्रेटिस एक साधा दाखला देतो. द्राक्षवेलीचा फाटा मोठ्या सुरीने छाटता येईल, इतर हत्यारानेही छाटता येईल. परंतु वेल छाटण्यासाठीच घडवलेल्या कोयत्याने तो जितका नेटका छाटला जाईल तितका दुसऱ्या कशाने नाही. प्रत्येक वस्तूला तिचे असे एक कार्य असते आणि ते कार्य उत्तम रीतीने करणे हा तिचा सद्गुण. म्हणजे वस्तू निर्दोष असली तरी निर्हेतुक नसते. घडवणाऱ्याचा हेतू तिच्या आकारात उतरलेला असतो. कायदासुद्धा हे जाणतो. आपल्या देशाच्या 1959 च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. धार आहे की नाही एवढेच तो पाहत नाही, ती कशासाठी घडवली हेही विचारतो.

ओपिनेलकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचा हेतू लपत नाही. पात्याच्या मुळाशी एक फिरणारे कडे आहे. 1955 साली मार्सेल ओपिनेल याने ते बसवले. पाते उघडून कडे फिरवले की पाते अडकून राहते व काम करणाऱ्याच्या बोटांवर मिटत नाही. 2000 सालापासून हेच कडे मिटलेले पातेही अडकवून ठेवते. खिशात ते आपोआप उघडत नाही. दुसऱ्याला इजा करण्यासाठी घडवलेल्या हत्याराला इतकी काळजी कशाला हवी?

पात्यावर एक चिन्ह कोरलेले असते: आशीर्वाद देणारा हात आणि त्यावर मुकुट. 1909 पासूनची ही खूण. मुकुट साव्हुआच्या सरदार घराण्याचा. हात सें-जाँ-द-मोरियेनच्या नगरचिन्हातला, संत योहान बाप्तिस्ता याचा. त्याच्या बोटांचे अवशेष तेथील कॅथेड्रलमध्ये आहेत अशी परंपरा आहे. ज्या संताचा शिरच्छेद झाला, त्याचा आशीर्वादाचा हात धारदार पात्यावर! कारखानदाराने तो गावाची ओळख म्हणून घेतला असेल; परंतु वाचकहो, आमची नजर तेथे थबकली. पोलाद हेरोदाच्या शिपायापाशीही होते आणि डोंगरातल्या गुराख्यापाशीही आहे. हात कोणाचा, हा प्रश्न त्या पात्यावरच लिहिलेला आहे.

तरीही त्या मुलाच्या लकाकलेल्या डोळ्यांविषयी बोलल्याखेरीज हा विचार पुरा होत नाही. आपल्या गावांतील काही तरुण ‘असावा जवळ, काळ वाईट आहे’ म्हणून खिशात चाकू बाळगतात, हे पालकांना ठाऊक आहे. ते म्हणतील, वस्तू निर्दोष आहे, असे तुम्हीच सांगता. येथे वर्गातले उत्तर अपुरे पडते. खिशातली वस्तू गप्प बसत नाही. ती सल्ला देत असते. ज्याच्याजवळ पाते आहे त्याला शाब्दिक भांडणाचा शेवट वेगळा दिसू लागतो. गेथसेमनीच्या बागेतील प्रसंग आठवावा. पेत्राने जे उपसले त्यासाठी मूळ ग्रीक पाठात ‘माखायरा’ हा शब्द आहे. मोठी सुरी आणि आखूड तलवार, दोहोंसाठी तो वापरला जाई. सॉक्रेटिसच्या दाखल्यातली सुरीही तीच. पेत्र दुष्ट नव्हता. तो घाबरलेला होता आणि जवळ पाते होते. क्षणात मल्खाचा कान गेला. प्रभूने ते पाते मोडून टाकायला सांगितले नाही. त्याच्या जागी परत ठेवायला सांगितले. धारदार गोष्टींना जागा असते, एवढा अर्थ त्यातून आम्ही घेतो. भोपळ्यासाठी, केळीच्या लोंगरासाठी, दोरखंडासाठी काढलेला चाकू आपल्या जागी आहे. भीतीपोटी खिशात घातलेला तोच चाकू आपली जागा सोडून निघालेला आहे, मग तो कधी उघडला जावो वा न जावो.

वस्तूंविषयी एवढे. पण ही चर्चा आम्ही केली ती माणसांसाठी. वस्तूला पाहून आपण जसा चटकन निवाडा करतो तसाच माणसाला पाहूनही करतो. धिप्पाड अंग, गोंदवलेला दंड, परप्रांतीय भाषा, एखादे आडनाव. आणि आपली खुर्ची मागे सरकते. ज्याँ-पॉल सार्त्र या निरीश्वरवादी तत्त्वज्ञाने 1945 साली पॅरिसमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात कागद कापण्याच्या सुरीचे उदाहरण घेतले. सुरीचे प्रयोजन आधी कारागिराच्या मनात असते, सुरी नंतर अस्तित्वात येते. माणसाचे तसे नाही, तो आधी असतो आणि मग स्वतःला घडवतो, असे त्याचे प्रतिपादन. माणसाला निर्माताच नाही, हे त्याचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. मात्र चाकू आणि माणूस यांतला भेद त्याने नेमका हेरला. आमच्या श्रद्धेप्रमाणे माणसाला घडवणारा आहे. परंतु त्याने माणसाला स्वातंत्र्य देऊन घडवले. म्हणून चाकूचा आकार पाहून त्याचे काम बऱ्याच अंशी ओळखता येते, माणसाचा आकार पाहून त्याचे मन ओळखता येत नाही.

पहिली छाप टाळता येत नाही; ती पापही नव्हे. भीती वाटली तर वाटू द्यावी. पण तिला निवाडा करू देऊ नये, प्रश्न विचारू द्यावा. समोरच्याचे नाव काय, गाव कोणते, तो कोणत्या कामासाठी दारी आला आहे, एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात. आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहायला आलेली कितीतरी कुटुंबे त्या दोन मिनिटांची वाट पाहत असतील. आणि ज्या घरांत तरुण मुले आहेत तेथील आईवडिलांना आमचे सांगणे असे की, मुलाचा खिसा तपासण्याआधी त्याला कशाची भीती वाटते ते विचारावे. चाकू काढून घेणे सोपे आहे. भीती तशीच राहिली तर दुसरा चाकू विकत मिळतो.