पडलेला उमेदवार

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक झाली आणि एक तरुण पडला. त्याचं नाव सांगत नाही, असा एक तरुण प्रत्येक गावात असतो. निकालानंतर त्यानं संत्र्याच्या बागेतल्या कोठ्यात मुक्काम ठोकला. आंबिया बहाराची फळगळ सुरू होती, झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडत होता, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. एकच पालुपद : "लोकाईसाठी इतकं केलं, अन् मतं देल्ली दुसऱ्याले."

त्याच्या आजोबांनी, आबाजींनी, हे बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी खाट ओढून त्याच्यासमोर बसले.

"किती वर्षं झाले तुले राजकारणात?"

"दोन."

"मंग बच्चूभाऊचं आयक."

अचलपूर मतदारसंघात या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. बेलोऱ्याचे ओमप्रकाश ऊर्फ बच्चू कडू २००४ मध्ये आधी अमरावतीतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी काही महिन्यांनी विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. २००९ आणि २०१४ लाही अपक्षच, २०१९ ला स्वतःच्या प्रहार पक्षाकडून. सलग वीस वर्षं आमदारकी. वऱ्हाडात अपक्षाला एकदा निवडून देणं म्हणजे रागाच्या भरातलं मत असू शकतं, तीनदा म्हणजे ते लोकांनी ठरवून दिलेलं असतं. अपंगांचा आणि शेतकऱ्यांचा प्रश्न घेऊन हा माणूस कधी कोणत्या कार्यालयात जाऊन बसेल याचा नेम नसे. अधिकाऱ्यांशी खटके उडाले, खटलेही झाले. २०१९ च्या शेवटी राज्यमंत्रिपद मिळालं. जून २०२२ मध्ये ते शिंदे गटाबरोबर गुवाहाटीला गेले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. ही त्यांची जुनी मागणी होती. आणि २०२४ मध्ये भाजपच्या प्रवीण तायडे यांनी त्यांना हरवलं, तेही बारा हजारांहून जास्त मतांनी.

"तुमी तं त्यालेच मत देल्लं असन," नातू म्हणाला.

"चार खेपा देल्लं. पाचव्या खेपी नाई देल्लं."

नातू चमकला. आबाजींनी कारणंही लपवली नाहीत. गुवाहाटी त्यांना रुचली नव्हती. साहेबाच्या अंगावर जाणं तर कधीच पटलं नव्हतं. आणि अचलपूरची फिनले मिल लॉकडाउनपासून बंद पडली ती पडलीच. आता गिरणी केंद्राच्या महामंडळाची, आमदाराच्या हातात कितीसं असणार? पण मतदार हिशेब मांडायला बसला की खातं नेमकं कुणाचं हे बघत नाही, आणि निवडून येणाऱ्यानं हे गृहीतच धरलेलं बरं.

"मंग मोझरीले कायले गेल्ते?"

प्रश्न रास्त होता. निवडणूक हरून सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा ८ जून २०२५ ला कडूंनी गुरुकुंज मोझरीला कर्जमाफी आणि दिव्यांगांच्या मानधनासाठी उपोषण मांडलं होतं. आमदारकी नाही, मंत्रिपद नाही. सरकारनं आश्वासन दिल्यावर १४ जूनला ते सुटलं. ऑक्टोबरच्या शेवटी ट्रॅक्टर घेऊन नागपूर गाठलं, वर्धा रोड अडवला आणि कर्जमाफीला ३० जून २०२६ ची मुदत सरकारकडून वदवून घेतली.

"मत माह्यं होतं, ते म्या दुसऱ्याले देल्लं," आबाजी म्हणाले. "कर्जबी माह्यंच हाये. त्यासाठी जो बसन त्याच्यापाशी जाऊन बसतो. आता तू सांग. प्रचारात त्या आंधळ्या काकूले काय म्हणलं होतं? अपंगाचं कार्ड काढून देतो ना? तिचे कागद कुठी हायेत?"

कागद मोटरसायकलच्या डिक्कीत होते. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, रेशन कार्ड, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, निकालाच्या आदल्या दिवशी ठेवलं होतं तसंच. फोटो उन्हानं एकमेकांना चिकटले होते. ते सोडवताना एक फाटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकूचा नवा फोटो काढून आणला, अर्ज ऑनलाइन भरला आणि तारीख मिळाल्यावर तिला तपासणीसाठी अमरावतीला इर्विन रुग्णालयात नेलं. तिथल्या रांगेत त्याला आपल्याच गावचे आणखी दोघं भेटले. मतं मागताना त्यांच्या दारावरून तो दोनदा गेला होता, आत मात्र डोकावला नव्हता.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला होती. तो मागच्या रांगेत बसला. विषय संपत आले तेव्हा उठला आणि विचारलं, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते यंदा कुठं झाले? कुणीतरी मागून टोमणा मारला, "तू तं पडला ना बे!" हशा पिकला. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला. सचिवांनी रजिस्टर उघडलं. पैसे शिल्लक होते. रक्कम लहानच, छोट्या गावाचं उत्पन्न असतं तरी किती. पण ठराव झाला, तिघांची नावं त्यात लिहिली गेली, आणि ज्याच्याकडून हा हरला होता त्या सदस्यानंच अनुमोदन दिलं.

ग्रामसभेत प्रश्न विचारायला सदस्य असावं लागत नाही, मतदार यादीत नाव पुरतं. २६ जानेवारीनंतरची सभा १ मे ला असते. तुमच्या गावचं रजिस्टर एकदा उघडायला सांगा.