भीतीचा वारसा, संशयाचा वारसा

अंधारात जीपचा दिवा दिसला की पारध्यांच्या पालांवर कुणी कुणाला काही सांगत बसत नाही. बाप्ये उसात शिरतात, बाया चूल विझवून पोरांना पोटाशी घेतात. त्या पोरांना भीती कुणी शिकवलेली नसते. आईच्या अंगाचा कापरा त्यांना आपोआप कळतो.

लाकोटा समाजातल्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसंदर्भात ‘ऐतिहासिक आघात’ ही कल्पना मांडली. आजोबांनी सोसलेलं नातवाच्या व्यसनात, अबोलपणात, झोपेत उतरतं, असं ती सांगते. कल्पना मोलाची आहे. पण मार केव्हाच थांबला आणि आता वळ तेवढे उरलेत, असा तिचा सोयीस्कर अर्थ आपण लावू नये. पारध्यांच्या पाठीवरचा मार थांबलेला नाही.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडीही त्याखाली आले. नोंदणी, हजेरी आणि गाव सोडायचं तर परवाना! 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात टाकायची मुभाही सरकारला दिली होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींच्या सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसं राहिली, गिरणीत राबली, हजेरी देत राहिली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या गेल्या, पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. पाटी बदलली, नजर तीच राहिली.

आणि वारसा काही एकाच बाजूला उतरत नाही. ठाण्यात नवा फौजदार येतो, चोरी झाली की आधी कुठल्या पालावर जायचं हे त्याला जुना हवालदार सांगतो. वर्गात कुणाचं पेन हरवलं की गुरुजींची नजर पारध्याच्या पोराकडे वळते. त्या गुरुजींनी 1871 चा कायदा वाचलेला नसतो, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. पालावरच्या पोराला आपण समुपदेशन द्यायला निघतो. या दुसऱ्या वारशावर कुणी उपचार करायचे? तो तसाच राहिला तर पोराची भीती हा आजार म्हणता येणार नाही. ती त्याची सावधगिरी आहे, आणि आजच्या घडीला ती शहाणपणाचीच आहे.

कॅनडाने मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत कोंडलं, हा गुन्हाही लहान नव्हता. पण 2008 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि सत्यशोधन आयोगाने 2015 पर्यंत सहा हजारांहून अधिक लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, अहवाल आले. पण भर सभागृहात कुणी पारध्यांना, कैकाड्यांना समोर बसवून ‘तुमच्या आजोबांचं काय झालं, सांगा’ असं विचारलं नाही. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने सराईत गुन्हेगार कायदा रद्द करायला सांगितलं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि त्यात विमुक्तांवरचा शिक्काही आला. त्यासाठीही एका पत्रकार बाईंना याचिका करावी लागली.

येत्या 31 ऑगस्टला, विमुक्त दिनी, विधिमंडळाने या लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सुनावणी सुरू करावी. आणि वाचकहो, गावात घरफोडी झाली तर फिर्याद जरूर द्या. मात्र हाती पुरावा नसताना संशयित म्हणून पालाचं नाव घालू नका.