रंग कोणी द्यायचा?

मागच्या हनुमान जयंतीला चुलतभावाने गावच्या मारुतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. अंगभर चकचकीत केशरी ऑइल पेंट, काळ्याभोर मिशा, पांढरेशुभ्र डोळे. माझ्या लहानपणचा मारुती म्हणजे शेंदराचा ओबडधोबड गोळा. नाक-डोळे शोधावे लागत. मी पर्थला बसून लांबलचक मेसेज लिहिला. वारसा, मूळ रूप वगैरे. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "दादा, दर शनिवारी तेल कोण घालतं त्याला?"

राग आला, आणि उत्तरही सुचलं नाही. पण या प्रश्नावरून आमच्याच राज्यात एकदा मोठं भांडण झालं होतं, ते आठवलं.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला किम्बर्ली आहे. तिथल्या खडकांच्या कपारींत वांजिना रंगवलेले आहेत: पांढरा चेहरा, मोठे काळे डोळे, डोक्याभोवती वलय, आणि तोंडच नाही. हे पावसाचे, ढगांचे देव. तोंड असतं तर पाऊस थांबलाच नसता, असं सांगतात. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात एक भलामोठा वांजिना जगाने टीव्हीवर पाहिला होता. तिथल्या लोकांच्या श्रद्धेनुसार ही चित्रं माणसाने काढलेलीच नाहीत. वांजिना स्वतः खडकात शिरले आणि आपली छबी मागे ठेवून गेले. माणसाचं काम एवढंच, की ती फिकट पडू लागली की पांढरी माती, गेरू, कोळसा घेऊन पुन्हा ताजी करायची. नाहीतर पाऊस रुसतो.

१९८७ मध्ये नारिन्यिन समाजातल्या तरुणांनी सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून अशा काही जागा पुन्हा रंगवल्या आणि गदारोळ झाला. जुनी चित्रं कायमची झाकली गेली, हा सगळ्या मानवजातीचा ठेवा आहे, पोरांना हात तरी आहे का, असे आक्षेप आले. समाजातले ज्येष्ठ डेव्हिड मोवालजार्लाई रंगवणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी काही संशोधकांबरोबर 'अँटिक्विटी' या नियतकालिकात आपली भूमिका मांडली.

आपल्याला सवय आहे ती दुसऱ्या प्रकारच्या जतनाची. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली. पुढे रोज शेकडो माणसं आत जाऊ लागली, आणि त्यांच्या श्वासाने भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. १९६३ मध्ये गुहा बंद केली. वीस वर्षांनी शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. हात लावू नका, आत येऊ नका, श्वाससुद्धा घेऊ नका. मला हे पटतं. पण लास्कोच्या बैलांना तेल घालणारं आज कुणी उरलेलं नाही. त्यांचा देव कोण होता, हे सांगणारा माणूस जगात नाही. अशा चित्राचे वारस आपण सगळेच, म्हणजे खास असं कुणीच नाही. किम्बर्लीत वारस समोर उभा आहे, त्याच्या हातात गेरू आहे, आणि आपण त्याला सांगतोय की तू आता बाजूला हो, हे तुझ्यापेक्षा मोलाचं आहे.

तरी आक्षेपांतला एक काटा मला काढून टाकता येत नाही. खालचा थर गेला तो गेलाच. किम्बर्लीतच एका कपारीच्या छतावर कांगारूचं चित्र आहे. गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्यांवरून त्याचं वय सुमारे १७,३०० वर्षं निघालं, २०२१ मध्ये. त्यावर कुणी भक्तिभावाने हात फिरवला असता तर हे कळलं नसतं. पाचशे वर्षांनी जन्मणाऱ्या नारिन्यिन मुलीलाही आपल्या खापरपणजीने ओढलेली रेष बघावीशी वाटेल, तिचं काय?

पण मग हे तिच्या माणसांनी ठरवायचं. आपसात भांडून ठरवायचं असेल तर तसं. मी मारुतीचं जे 'मूळ रूप' म्हणत होतो, तेही शेवटी कुणाच्या तरी आजोबांनी चढवलेला शेंदूरच. मला तो १९८० च्या सुमाराला थांबवायचा होता, कारण मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

भावाला फोन केला. पुढच्या वेळी रंग देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेव, एवढंच म्हटलं. काढतो म्हणाला. डबा कुठल्या रंगाचा आणू, हे काही त्याने विचारलं नाही.