खोटी सीता

आमचं केम कुंकवाचं गाव. त्यामुळे मिशी फुटायच्या आत मी एकदा कपाळभर कुंकू लावलं, याचं गावाला विशेष वाटलं नाही. जत्रेतल्या नाटकाला सीता हवी होती आणि आपली मुलगी स्टेजवर पाठवायला एकही घर तयार नव्हतं. मास्तरांनी माझा आवाज, माझी उंची आणि माझा नाइलाज पाहून मला निवडलं.

प्रयोग संपला. एक आजीबाई आल्या, माझ्या पदरात नारळ, तांदूळ आणि पाच रुपये घातले आणि चक्क पाया पडल्या. म्हणाल्या, “लई सोसलंस गं माय!” आता यावर काय बोलणार? गप्प बसलो. नारळाच्या वड्या झाल्या, पाच रुपयांची भेळ झाली.

पुढं बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो. रोज लोकांच्या सह्या ताडून पाहतो. खोट्या सहीनं पाच रुपये उचलले तर गुन्हा आणि खोट्या सीतेनं उचलले तर कौतुक, हे कसं?

हा प्रकार माझ्यापासून सुरू झाला नाही, एवढंच समाधान. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हाही सीता पुरुषच होती. १८८२च्या ‘सौभद्रा’तली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांची तर लुगडं नेसायची ढब घरंदाज बायकांनी उचलली. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हेही अखेर पुरुषानंच शिकवलं!

पण ही लबाडी म्हणता येईल का? नटाचं सोंग उघड असतं. पडदा पडला की तो रंग पुसून घरी जातो. खोटी सही करणारा रंग पुसत नाही, फरक इतकाच. आजीबाईंनाही मी कुणाचा कोण हे पक्कं ठाऊक होतं. त्या पाया पडल्या त्या सीतेच्या.

म्हणजे मी सुटलो? तसं वाटत होतं. पण मग ध्यानात आलं, सोसणं म्हणजे काय हे त्या आजींना माझ्यापेक्षा पन्नास वर्षं जास्त माहीत होतं. त्यांच्या उमेदीत त्यांना कुणी विचारलं होतं का, “बाई, सीता होतेस?” कुंकू बायकांचं, सोसणं बायकांचं आणि टाळ्या तेवढ्या आमच्या.

त्या पाच रुपयांचं आजवरचं व्याज मी चुटकीसरशी काढीन. पण मुद्दल कुणाच्या खात्यावर जमा करायचं, तेच ठरत नाही.