मंद आचेवरचा पाक आणि कर्त्याचा प्रश्न

पाक म्हणजे तेजाचा असा संयोग, की ज्यामुळे वस्तूचे आधीचे रूप, रस, गंध आणि स्पर्श जाऊन त्यांच्या जागी नवे येतात. ही कल्पना न्याय-वैशेषिक दर्शनातली असली तरी हंडीत शिजणाऱ्या डाळीला ती जशीच्या तशी लागू पडते. कच्चा उग्र वास जातो, रंग बदलतो, चवीला गोडसरपणा येतो आणि बोटांना टणक लागणारा दाणा मऊ होतो. चारही गुण पालटलेले असतात. तळताना किंवा भाजताना हा पालट डोळ्यांदेखत होतो आणि तो करणारा हात सारखा हलत असतो. मंद आचेवर मात्र भांडे झाकलेले असते, घरातली माणसे शेतात किंवा झोपेत असतात, आणि पाक चालूच राहतो. अशा वेळी बदलते ते नेमके काय आणि बदलवणारा कोण, हे विचारावेच लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या लोणार भागात अशा पाकाचे घरगुती उदाहरण म्हणजे अंबाडीची पातळ भाजी. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे आणि अंबाडीचा पाला एका भांड्यात शिजतो, वर लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी पडते, आणि भाकरी कुस्करून सगळे घर जेवते. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी वैल असते. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडभडून जळतात, त्या जाळावर भाकरी होते. वैलावरचे भांडे मात्र आतून येणाऱ्या धगीवर आणि धुमसणाऱ्या गोवरीवर रेंगाळत शिजते. भाजी वैलाच्या भरवशावर सोडता येते, पण क्रम चुकवून चालत नाही. अंबाडी आंबट असते, आणि डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही. पाला आधीच पडला तर डाळ कितीही वेळ ठेवली तरी कचवट राहते. म्हणून पाला वेगळा उकडून पिळून घेतात आणि डाळ-कण्या मऊ झाल्यावरच भांड्यात टाकतात.

क्षाराचे काम याच्या उलट. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर गळते, आणि लोणारचे सरोवर तर सोड्याचेच आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले हे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ऐने अकबरीत येथे काच आणि साबण यांची सामग्री मिळते अशी नोंद आहे, तर स्थानिक कथेप्रमाणे विष्णूने दैत्यसूदन होऊन लवणासुराला येथेच मारले. त्याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. डाळ गाळणारा क्षार आणि ती शिजवायचे गोडे पाणी इतक्या जवळ क्वचितच सापडेल.

भांडे शिजले की नाही हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. संस्कृत शास्त्रकार तिला स्थालीपुलाकन्याय म्हणतात आणि एका उदाहरणावरून सगळ्या वर्गाबद्दल अनुमान करताना ती पुढे करतात. पण ही परीक्षा एकजिनसी भातालाच लागू पडते. अंबाडीच्या भाजीत शेंगदाणा मऊ झाला म्हणून डाळ गळली असे म्हणता येत नाही, आणि कणी फुटली म्हणून पाला मुरला असेही नाही. तेव्हा भांड्यातला ऐवज ही एक वस्तू समजायची की अनेक कणांची गर्दी, हा प्रश्न पळीने चाचपणाऱ्यालाही पडतो. दार्शनिकांचा जुना वाद नेमका याच जागी आहे.

वैशेषिकांचे मत पीलुपाक म्हणून ओळखले जाते. पीलु म्हणजे परमाणू. सहाव्या शतकाच्या सुमारास प्रशस्तपादाने ते पायरीपायरीने मांडले. त्याचे उदाहरण भट्टीत ठेवलेल्या कच्च्या घड्याचे आहे. अग्नीच्या आघाताने मातीच्या परमाणूंमध्ये हालचाल होते, ते एकमेकांपासून सुटतात, त्यांना जोडणारे संयोग नाहीसे होतात आणि त्याबरोबर घडाही नाहीसा होतो. मग सुट्या परमाणूंवर तेजाचा संयोग होऊन काळा रंग जातो आणि तांबडा येतो. त्यानंतर परमाणू पुन्हा दोन-दोन करून जुळतात आणि त्यांतून घडा तयार होतो, पण तो दुसरा घडा असतो. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने न्यायसिद्धांतमुक्तावलीत या घडामोडीला नऊ, दहा की अकरा क्षण लागतात याचाही हिशेब मांडला. हा सगळा प्रकार केवळ पृथ्वीच्या परमाणूंत होतो. पाणी, तेज आणि वायू यांच्या परमाणूंचे गुण पाकाने पालटत नाहीत. या मताप्रमाणे उकळत्या पाण्याची ऊब पाण्याची नसतेच, ती त्यात शिरलेल्या तेजाची असते.

नैयायिकांना हे पटले नाही. भट्टीत घडा मोडून पुन्हा जुळत असता, तर त्याच्यावर रचलेले दुसरे घडे कोसळले असते आणि त्याच्यावर काढलेली रेघ त्याच जागी सापडली नसती. कुंभार भाजलेला घडा बाहेर काढतो तेव्हा ‘हा तोच’ म्हणून ओळखतो, आणि ही ओळख सबळ कारणाशिवाय खोटी ठरवता येत नाही. म्हणून त्यांचे म्हणणे असे, की वस्तू सच्छिद्र असतात, तेजाचे कण त्या छिद्रांतून आत शिरतात आणि अख्खी वस्तू जागच्या जागी भाजते. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडे. वैशेषिकांचे उत्तर तयार होते: दिव्याची ज्योतही क्षणाक्षणाला नवी असते, तरी आपण तीच म्हणून ओळखतो. महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिक्षणातून आलेल्या वाचकांना हा वाद मुख्यतः अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून कळला. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली.

घड्यापुरते पाहिले तर नैयायिकांची बाजू भक्कम वाटते. भाजीचे तसे नाही. चार तास मंद धगीवर राहिलेल्या भांड्यातला तुरीचा दाणा दाखवून ‘हा तोच’ असे कोणी म्हणू शकत नाही, कारण दाखवायला दाणाच उरलेला नसतो. साठ ते पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी ओढून फुगतात आणि शेवटी फुटतात. पेक्टिन विरघळून पेशी एकमेकींपासून सुटतात. जुना अवयवी, म्हणजे अवयव जुळून झालेली अख्खी वस्तू, मोडतो आणि नवा उभा राहतो, हे वैशेषिकांचे वर्णन इथे बरेच जवळ येते. मात्र त्यांचाच दुसरा एक नियम या भांड्यात अडचणीत येतो. विजातीय द्रव्यांपासून एक अवयवी होत नाही, असे ते मानतात. माती आणि पाणी एकत्र राहतात, पण मिळून एक वस्तू बनत नाहीत. म्हणजे काटेकोर बोलायचे तर पातळ भाजी ही वस्तूच नव्हे, पाण्यात राहिलेल्या पार्थिव कणांची वस्ती आहे. दाट झालेल्या भाजीतले पाणी पिष्टाने धरून ठेवलेले असते आणि ते निथळून वेगळे करता येत नाही, हे पाहता या नियमाची बाजू लंगडी पडते. पाण्याला पाकाबाहेर ठेवणे घडा भाजताना चालून गेले. स्वयंपाकघरात ते चालत नाही.

पण पीलुपाकाच्या वर्णनातली सर्वांत विलक्षण पायरी वेगळीच आहे आणि वाचणारे बहुधा ती घाईने ओलांडतात. सुटे झालेले परमाणू पुन्हा जुळतात ते कशामुळे? अग्नी मोडू शकतो, पण नीट रचना करणे त्याच्या स्वभावात नाही. कुंभार तर भट्टीबाहेर बसलेला असतो. प्रशस्तपादाचे उत्तर असे, की ती वस्तू ज्यांच्या भोगाला येणार आहे त्यांच्या अदृष्टामुळे, म्हणजे साठलेल्या धर्माधर्मामुळे, परमाणूंना गती मिळते. झाकणाखाली काय चालले आहे याचे कारण अशा रीतीने ताटावर बसणाऱ्या माणसांपर्यंत जाऊन पोहोचते. हे भौतिकशास्त्र म्हणून टिकणारे नाही. पण मंद पाकात हात निघून गेल्यावर उरलेल्या कामाचे श्रेय कोणाला द्यायचे, या प्रश्नाला इतके थेट उत्तर दुसऱ्या दर्शनात मिळत नाही.

वैयाकरणांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. शिजवणे ही एक क्रिया नाही. भांडे चढवणे, पाणी ओतणे, तांदूळ वैरणे, जाळ सारणे, उतरवणे अशा क्रमाने होणाऱ्या कामांचा तो जुडगा आहे, आणि तो कधीच एका वेळी समोर नसतो. भर्तृहरीच्या मते बुद्धीच त्याला एक समजते. कर्ता कोण हेही बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून राहते. देवदत्त शिजवतो असे म्हणता येते, लाकडे शिजवतात असे म्हणता येते आणि हंडी शिजवते असेही म्हणता येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. त्यांतल्या एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला गीता अडाणी ठरवते. चुलीवरच्या भांड्याला हा हिशेब फार चपखल बसतो.

ज्यू धर्मशास्त्रात हा प्रश्न चर्चेपुरता राहिला नाही, त्याचा नियम झाला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, विस्तव पेटवणे आणि शिजवणे निषिद्ध. मग शुक्रवारी सुरू केलेले आणि शनिवारी आपोआप चालत राहिलेले काम कोणाचे? मिश्नेत, म्हणजे ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात, शम्माय आणि हिल्लेल यांच्या परंपरांमध्ये यावर मतभेद नोंदवला आहे. शम्मायच्या अनुयायांना काम दिवस असतानाच पुरे व्हायला हवे होते. हिल्लेलच्या अनुयायांना ते दिवस असताना सुरू झालेले पुरत होते, आणि पुढे हेच मत चालले. मात्र लाकडाने तापवलेल्या चुलीवर भांडे ठेवायचे तर निखारे आधी काढून टाकावे किंवा त्यांच्यावर राख पसरावी, अशी अट आहे. भीती अशी, की माणूस नकळत निखारे चाळवील आणि पुन्हा कर्ता होईल. शब्बाथ पाळणारे कोकणातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत.

आजचा विजेवरचा स्लो कुकर शब्बाथच्या याच नियमाच्या पोटी जन्मला. शब्बाथच्या जेवणासाठी शुक्रवारीच बेकरीच्या भट्टीत ठेवल्या जाणाऱ्या ‘चोलेंट’ नावाच्या रश्श्याची लिथुआनियातली आठवण शिकागोच्या इर्व्हिंग नॅक्सन यांनी आईकडून ऐकली होती. त्यांच्या उपकरणाला १९४० साली पेटंट मिळाले आणि १९७१ साली ‘रायव्हल’ कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले. सोयीची वस्तू म्हणून खपलेल्या या भांड्याच्या मुळाशी हात आवरण्याचे व्रत आहे, हे विकणाऱ्यांनी फारसे सांगितले नाही. हात आवरण्यालाही मर्यादा असते. राजम्यातले विषारी लेक्टिन स्लो कुकरच्या कमी तापमानाला नष्ट होत नाही. दाणे भिजवून, ते पाणी टाकून आणि निदान दहा मिनिटे खळखळून उकळूनच भांड्यात घालावे लागतात.

कर्त्याचा भाग असा वाटला गेला तरी जबाबदारी वाटली जात नाही, असे धर्मशास्त्र मानते. मनुस्मृतीने गृहस्थाची पाच हिंसास्थाने मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. तिथे जीव मरतात, मारण्याचा हेतू कोणाचाच नसतो, तरी दोष घरावर येतो, आणि तो फेडायला पाच महायज्ञ सांगितले आहेत. त्यांत वैश्वदेवाचा भाग, भूतबळी आणि अतिथी घरच्यांच्या आधी येतात. फक्त स्वतःपुरते शिजवणारा पाप खातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. कोणासाठी शिजवायचे, याला ‘घरच्यांसाठी’ हे उत्तर त्यामुळे धर्मशास्त्राला अपुरे वाटते. छांदोग्य उपनिषदात तर खाल्लेल्या अन्नाचा स्थूल भाग मळ होतो, मधला मांस आणि सूक्ष्म भाग मन होतो. श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी ठेवल्यावर पाठ केलेले वेद आठवेनात आणि जेवल्यावर आठवले, ही तिथली परीक्षा आहे. शिजवण्यापासून विचार करण्यापर्यंत एकच पाक चालू असतो, असा तिचा अर्थ होतो.

भोक्त्याच्या अदृष्टाने पाक होतो हे मानले, तर भिक्षा हे त्याचे अवघड उदाहरण ठरते. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा लीळाचरित्रात आहेत, आणि त्यांचे अनुयायी घरोघरची भिक्षा झोळीत एकत्र करून जेवत. अशा एखाद्या घरच्या बाईने भाजी वैलावर ठेवली तेव्हा तिच्या मनात मुले असणार, झोळी घेऊन येणारा महात्मा नसणार. तरी भाग त्याचाही निघाला. वैशेषिक म्हणेल, त्याचे अदृष्ट आधीपासूनच त्या भांड्यात काम करत होते. हे सिद्ध करता येत नाही, खोडताही येत नाही, आणि तर्काच्या दृष्टीने हीच त्याची कमजोरी आहे. पण वाढपाच्या वेळी एक पळी बाजूला काढणाऱ्या घरांना या कमजोरीची अडचण कधी झाली नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक माणूस लोकांनी पाहिला. ते अन्न त्याच्यासाठी कोणी शिजवले नव्हते. पुढे त्याला गजानन महाराज म्हणू लागले, आणि शेगावच्या त्यांच्या संस्थानात महाप्रसादाची पंगत आजही कोण येणार हे न विचारता बसते.