खात्री नसेल तर सांगावे

सज्जनहो, अभिमान सोडावा हे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण तो सुटला की नाही याची पारख टाळमृदंगाच्या गजरात होत नाही. ती होते कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी पाळी बदलताना झडप बंद की उघडी याची खात्री नसेल, आणि ‘एवढेही कळत नाही?’ असे कोणी म्हणेल या लाजेने कामगार गप्प राहिला, तर त्या लाजेची किंमत शेजारच्याला द्यावी लागते. डॉक्टर विचारतात, ‘कोणती गोळी चालू आहे?’ आठवत नसता आपण अंदाजाने नाव ठोकून देतो, आणि त्या अंदाजावर पुढचे औषध लिहिले जाते!

कोणी म्हणेल, ‘महाराज, आपले उणे उघडे केले तर मदत करणाराच मागे सरेल.’ याचे उत्तर कल्याणच्याच लेकीने देऊन ठेवले आहे. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या; त्यांचे माहेर कल्याणचे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत पोहोचून त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटींत आपण बसूच असे नाही, हे त्यात स्वच्छ सांगितले. पुरुष वैद्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपण आलो, हेही सांगितले. महाविद्यालयाने दार लावून घेतले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली.

आता चांगदेवांचे कोरे पत्र आठवा. ज्ञानोबाराय वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे न उमगून त्यांनी कागद कोराच धाडला. माउलींनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, कारण कोरेपणातला भाव ओळखणारी ती माउली! आपला साहेब, वकील किंवा डॉक्टर काही अंतर्यामीचे जाणत नाही. त्याच्यापुढे नुसते कोरे बसून भागत नाही. वाट विचारणारा आधी ‘अमुक गावाहून आलो’ म्हणतो, तेव्हा सांगणाऱ्याला वळण दाखवता येते. तसेच म्हणावे: ‘एवढे मला ठाऊक आहे, येथून पुढे खात्री नाही, येथे हात द्या.’ आनंदीबाईंनी दुसरे काय केले?

आणि ज्याला विचारतात, त्यानेही ऐकावे. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. मग कामावरच्या नव्या पोराने शंका विचारली की हसू का येते? आज हसलात, तर उद्या तो विचारणार नाही, अंदाजाने करील. आपल्यालाही ठाऊक नसेल तर ‘थांब, विचारून सांगतो’ म्हणावे. त्यात मोठेपण जात नाही.

उद्या सकाळी कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून गाडी धराल तेव्हा मुखी नाम असू द्याच. पण कामावर पोहोचल्यावर जेथे खात्री नाही तेथे ‘नाही’ म्हणायला जीभ अडखळू देऊ नका. रामकृष्णहरि!